गणपतीच्या भिंतीवरची दिवेकरीण

आधी ती कोण आहे ते सांगते. घरात एका माणसाखेरीज कुणी हे विचारलं नाही आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

इंटरनेटवर एक चित्रकथा चालते. दर शनिवारी संध्याकाळी तिचा नवा भाग येतो. ती इंग्रजीत आहे, काळ्या आणि राखाडी रंगात आहे, आणि तिच्यात जिवंत माणसांपेक्षा मेलेली जास्त आहेत. समुद्राखाली गेलेलं एक शहर आहे. मिठानं पांढरं पडलेलं घंटाघर आहे, ओठ शिवलेला एक थडगी खणणारा आहे, एक डोळा गेलेला कावळा आहे. आणि ही बाई आहे. मूळ कथेत तिला वेगळं नाव आहे. मी तिला दिवेकरीण म्हणते. तिच्या छातीत काळीज नाही. बरगड्यांच्या पिंजऱ्यात दिवा जळत असतो. बुडून मेलेल्यांना हाताला धरून ती ज्याच्या त्याच्या घरी पोचवते. दार उघडतं, माणूस आत जातो. तिला आत जायची मुभा नाही. उंबऱ्याशी वळून ती पुढच्याला आणायला परत पाण्यात उतरते.

मी ही कथा पहिल्या भागापासून वाचते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं हे चारचौघांत सांगावं का, याबद्दल लोकांची मतं आहेत. माझं मत, सांगावं. माझ्या फोनच्या मागे दिवेकरणीचं चित्र आहे, कपाटाच्या दारावर आहे, आणि कामाच्या टेबलावर काचेखाली आहे. वाचकांची एक चर्चेची जागा आहे, तिथे माझी हजेरी चुकत नाही. कोणा परदेशी वाचकानं एकदा लिहिलं होतं की कथेचा खरा नायक थडगी खणणारा आहे आणि दिवेकरीण नुसती शोभेला आहे. मी त्याचं म्हणणं मुद्द्यामुद्द्यानं खोडून काढलं. त्यानं पुन्हा लिहिलं नाही.

आमचं घर कसालहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, खाडीच्या अंगाला आहे. घरात रेंज येत नाही. अंगणाच्या टोकाला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी कुंपणभिंत आहे, त्यावर बसलं की येते. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी मी कुठे असते हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. पावसात छत्री घेऊन बसते. सुरुवातीला लोक हसत. एकानं विचारलं होतं की या वयात कोणाचा फोन यायचा आहे. मी म्हटलं, एका मेलेल्या बाईचा. त्यानंतर तो त्या वाटेनं गेला तरी काही विचारत नाही.

हे वेड कुठून आलं, तेही सांगण्यासारखं आहे. मी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होते. होडी उलटल्याची बातमी आली की ती पानात बसवायचं काम माझ्याकडे असे. साचा ठरलेला: किती जण होते, कुठले होते, किती वाचले, आणि शेवटी ‘शोध सुरू आहे.’ हे वाक्य मी पुष्कळदा छापलं. शोधाचं पुढे काय झालं ते छापायला क्वचित जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी असे, आणि जागा तेवढीच. दिवेकरीण एका म्हाताऱ्या खलाशाला घेऊन पाण्यातून वर येते आणि त्याच्या बायकोच्या दारात त्याला उभं करते, तो भाग मी गडग्यावर बसून वाचला. संपल्यावर पुन्हा पहिल्या चित्रापासून वाचला. तेव्हापासून मी तिची आहे.

आता भिंतीबद्दल. आमच्याकडे गणपतीमागची भिंत दरवर्षी चतुर्थीआधी चुना मारून नव्यानं रंगवतात. आधी माझे वडील रंगवत. ते गेल्यावर हात माझा. गरुड, शेषशायी, मोर, कमळं, हत्ती हे सगळं काढून झालेलं होतं. गेल्या वर्षी मी समुद्र काढला. मधली जागा मूर्तीसाठी सोडली. डावीकडे होड्या आणि मासे. उजवीकडे, माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधलेली कवंडाळाची रानफळं आणि आंब्याचे टाळ जिथे लोंबतात त्याखाली, दिवेकरीण. माणसाच्या उंचीची काढली. बरगड्या काढल्या, बरगड्यांमागे हळदीच्या पिवळ्या रंगाचा दिवा काढला, पायाशी एकडोळा कावळा काढला. कोपऱ्यात लपवून काढली नाही.

पहिली बघणारी शेजारची मावशी. ती ख्रिश्चन आहे, दर चतुर्थीला माटवी बांधताना सुतळी कापून द्यायला येते. तिनं बराच वेळ पाहिलं. आम्ही नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावतो, ही त्यांतलीच कोणी का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तिच्या नात्यातली असेल. मावशीनं मान हलवली आणि सुतळीला हात घातला.

हरतालिकेच्या दुपारी भाऊ ठाण्याहून आला. माझ्याहून मोठा, त्यामुळे घरात त्याचा आवाजही मोठा. सामान ओटीवर ठेवून तो आत आला आणि भिंतीसमोर उभा राहिला.

“ह्यां काय गो? गणपतीच्या बाजूक हडळ?”

“हडळ न्हय. दिवेकरीण.”

“खंयच्या गावची?”

“मोबायलातली.”

तो खाली बसला. मागून वहिनी आली. तिनं चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “ताई, निदान तिका लुगडा तरी नेसवा. बरगडे दिसतत.” मी सांगितलं की लुगडं नेसवलं तर दिवा झाकला जाईल. वहिनीनं क्षणभर विचार केला, मग दिवा चांगला जमलाय असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. या घरात तिच्याशी माझं कधी भांडण झालेलं नाही, ते अशामुळे.

भावाचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मुलीकडचे लोक दर्शनाला यायचे होते. ते फोटो काढणार, फोटो सगळीकडे जाणार, आणि प्रत्येक फोटोत गणपतीच्या उजव्या हाताला एक सांगाडा असणार. त्याचं बोलणं गैर नव्हतं. पण पुढे तो जे बोलला, त्याला उत्तर देणं भाग होतं.

“वय काय तुझा, आणि ह्यां काय पोरांचा वाचतंस? ती तुका वळाखता तरी?”

“तू मॅच बघताना रडतंस,” मी म्हटलं. “त्यातलो एक तरी तुका वळाखता?”

तो गाडीकडे गेला आणि एक गुंडाळी घेऊन आला. कसालच्या दुकानात त्यानं आधीच फ्लेक्स छापून घेतला होता. बर्फाचे डोंगर, त्यावरून पडणारा धबधबा, वर उगवता सूर्य. म्हणजे माझं चित्र बघायच्या आधीच त्यानं भिंत झाकायचं ठरवलं होतं. त्या वर्षी मी मोर काढले असते तरी ते डोंगराखाली गेले असते. हे लक्षात आल्यावर मला बरं वाटलं. आता वाद एकट्या दिवेकरणीचा राहिला नव्हता.

फ्लेक्स टांगायचा तर माटवीखाली शिडी लावायला हवी, आणि शिडीला जागा भिंतीपाशीच होती. मी तिथे पाट टाकला, विळी घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या मोदकांसाठी नारळ खवायला बसले. भाऊ गुंडाळी धरून उभा राहिला. त्यानं मला उठायला सांगितलं. मी नारळ संपल्यावर उठेन म्हणून सांगितलं. नारळ भरपूर होते. वहिनीनं आतून आणखी आणून ठेवले.

काका आले तेव्हा आम्ही असेच होतो. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आता घरातले सगळ्यांत वडीलधारे. गणपतीसमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. भावानं त्यांना एका दमात सगळं सांगितलं: हडळ, व्याही, फोटो, माझं वय. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“ही करता काय?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. बुडालेल्यांना घरी पोचवते.

“दारापर्यंत?”

“दारापर्यंत. तिका स्वतःक आत जावक गावत नाय.”

काकांनी हुंकार दिला. मग भावाकडे वळून म्हणाले की माटवी बांधून झाल्यावर तिच्याखाली शिडी लावू नये. ही रीत मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. पण ते काकांनी सांगितलं होतं, त्यामुळे शिडी गोठ्यातच राहिली.

भाऊ तेवढ्यावर थांबला नाही. चित्र राहू दे, पण उद्याच्या गाऱ्हाण्यात त्याबद्दल देवाची माफी मागायची, अशी त्यानं अट घातली. आमच्या लेकीनं अज्ञानानं हे भिंतीवर काढलं, ते पोटात घाल, असं काकांनी स्पष्ट म्हणायचं.

मी काकांना तेव्हाच सांगून टाकलं. “माफी मागलास तर मी व्हय म्हणूचंय नाय.”

हे बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्यानं बोलणं. वडीलधारा एकेक वाक्य म्हणतो आणि समोरचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. एकही तोंड मिटलेलं राहिलं तर ते वाक्य देवापर्यंत पोचत नाही, असं आमच्या घरात मानतात. लहानपणी तापानं फणफणलेल्या पोरांनाही उठवून व्हय म्हणायला उभं केलेलं मी पाहिलं आहे. घरातल्या कोणी सांगून गप्प राहायचं, असं कधी झालं नव्हतं. काका “बघूया” म्हणाले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मूर्ती बसली, पूजा झाली, आरती झाली. घर भरलेलं होतं. होणारे व्याही पहिल्याच दिवशी आले होते आणि पुढे उभे होते. मुलीची आई अधूनमधून उजवीकडे बघत होती. काकांनी हात जोडले. मी मागे, दाराला टेकून उभी होते. तोंड मिटून ठेवायचं ठरलेलं होतं आणि त्याचं मला वाईट वाटत नव्हतं.

“बा देवा गणपती म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आज तुझ्या लेकरांनी जी काय मोडकी तोडकी सेवा केली, ती गोड मानून घे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मुंबईला असलेल्यांची राखण मागून झाली, परदेशी असलेल्यांची झाली, ठरलेल्या लग्नाची झाली. गाऱ्हाण्याला एक चाल असते. चार-पाच वाक्यांनंतर माणसं शब्द ऐकत नाहीत, काका श्वास घ्यायला थांबले की व्हय म्हणतात. भावाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मग माफीची जागा आली. ती दरवर्षीच असते.

“पूजेत, निवेद्यात, आरतेत काय चुकला माकला असात, तर पदरात घे म्हाराजा.”

पूजेत, नैवेद्यात, आरतीत. भिंत नव्हती. मी व्हय म्हटलं. काका थांबले नाहीत.

“आणि ही जी दिवो घेवन भिंतीर उभी आसा, बुडालेल्यांका घराक पोचवता, जिका कोण आत घेणत नाय, तिका ह्या घरान आत घेतलेला आसा. ती तशीच हयसर ऱ्हवांदे म्हाराजा.”

म्हणजे ती इथे तशीच राहू दे. “व्हय म्हाराजा,” सगळं घर म्हणालं. व्याही म्हणाले. भाऊ सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, आणि त्याचे हात जोडलेलेच राहिले, तोंड मात्र उघडं राहिलं.

प्रसाद वाटताना त्यानं काकांना बाजूला घेतलं. काकांनी मोदकाचं नाक मोडून तोंडात टाकलं आणि एवढंच म्हणाले, “देवासमोर म्हटलास ता म्हटलास.” होणाऱ्या विहिणीनं जाण्यापूर्वी मला चित्रातल्या कावळ्याच्या दुसऱ्या डोळ्याचं काय झालं ते विचारलं. मी तिला पहिल्या भागाचा दुवा पाठवला. हल्ली शनिवारी तिचे मेसेज येतात. तिचं म्हणणं, कावळा घात करणार. मला ते पटलेलं नाही.

पाचव्या दिवशी गणपती गेला. भाऊ ठाण्याला गेला. फ्लेक्स गोठ्याच्या बाजूला सरपणावर घातला आहे; डोंगर पावसात चांगले टिकले आहेत.

आता पुन्हा श्रावण लागला आहे. रीतीप्रमाणे भिंतीला चुना मारायचे हे दिवस. काल भावाचा मेसेज आला: चुना मारला का, यंदा काय काढणार. गडग्यावर बसून मी उत्तर लिहिलं की चुना आणलेला नाही. यंदा होड्यांच्या बाजूला आणखी माणसं काढणार आहे, पाण्यातून वर येणारी. दिवेकरीण आहे तिथेच राहील. त्यानं लगेच फोन केला आणि दरवर्षी भिंत नवी करायची हा घराचा नियम आहे, म्हणून ऐकवलं.

“ऱ्हवांदे म्हणान देवाक सांगितला कोणी?” मी विचारलं. “आणि सगळ्यांत मोठ्यान व्हय कोण म्हणालो?”

त्यावर त्यानं नियम सोडला आणि पाण्यातून वर येणारी माणसं किती काढणार ते विचारलं.