दम्यातली जाणकार

लहानपणी मला दमा होता आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा माजही होता. निजामाच्या राज्यात आमच्या तेर गावात डॉक्टर औषधालाही सापडत नसे. अडुळशाचा काढा, छातीला कोमट तेल आणि आईची मांडी, एवढेच उपचार. दम लागला की आई हातातलं काम टाकून मला टेकवून बसायची. मग नदीवरून पाणी आणायला नको, शेण गोळा करायला नको. नऊ वर्षांची होईपर्यंत दम नसतानाही छातीतून शिट्टी काढायला मी शिकले होते. आईला एकदाही कळलं नाही.

माझ्या पाठचा भाऊ सहा वर्षांचा. त्या दिवशी खळ्यावर ज्वारी उपणणं चाललं होतं, भुसकट उडत होतं. तो आईजवळ येऊन म्हणाला, "आई, मला दम लागतोया."

आईच्या डोक्यावर पाटी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. घरात दम्यातली जाणकार मीच.

"खरं हाय का गं ह्याचं?"

मी त्याच्या छातीला कान लावला. आत शिट्टी वाजत होती. मला वाटलं, हा माझंच बघून शिकला. शिवाय आईची मांडी आता वाटून घ्यावी लागणार, याचाही राग आला.

"सोंग करतंय त्ये," मी म्हणाले.

आईनं त्याला परत कणसं वेचायला लावलं. दुपारी त्याचे ओठ जांभळे पडले. वडिलांनी त्याला बैलगाडीत घालून उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी तो परत आला, तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. मला कोणी काही बोललं नाही. आईनं स्वतःलाच बोल लावला आणि मी तो तिला लावू दिला. माझी सोंगं तिला कधीच सांगितली नाहीत, ती शेवटच्या दुखण्यात असतानाही नाही. त्याची लाज अजून वाटते.

त्याहून जास्त लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. महिन्याभरानं भावाला पुन्हा दम लागला. आई समोरच चुलीपाशी भाकरी थापत होती. तो तिच्याकडं गेला नाही. भिंतीला धरत धरत माझ्यापाशी आला, सदरा वर केला आणि म्हणाला, "आक्का, बघ की, ह्ये खरं हाय का?"