प्रार्थनेचा फोन

केंब्रिजच्या ज्या ख्रिस्ती रेडिओ स्टेशनवर मी कॉलेजच्या को-ऑपसाठी, म्हणजे कोर्सचा भाग असलेल्या कामासाठी, लागले, तिथे गाणी जवळजवळ नव्हतीच. दिवसभर लोक बोलत. बायबल, लग्न टिकवणं, मुलांचं फोनचं वेड. मला वाटलं होतं साउंडचं काही शिकायला मिळेल. मला फोन उचलायला बसवलं. मी पिझ्झासुद्धा अ‍ॅपवरून मागवते, कारण मग कुणाशी बोलावं लागत नाही.

नियम सोपा होता. कार्यक्रमाची चौकशी असेल तर मी उत्तर द्यायचं. प्रार्थना हवी असेल तर फोन शेजारच्या टेबलावरच्या आंटींकडे. आंटी केरळच्या, रिटायर्ड नर्स, फुकट काम करायच्या. आम्ही हिंदीत बोलायचो.

"तू क्रिश्चन है?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नहीं आंटी. स्कूल क्रिश्चन था."

"चलेगा. फोन उठा."

एका सकाळी बर्फामुळे आंटी हायवेवर अडकल्या आणि एका म्हाताऱ्या बाईंचा हॉस्पिटलमधून फोन आला. नवऱ्याचं हार्टचं ऑपरेशन होतं, न्यायला माणसं आली होती. फोन स्पीकरवर होता, तोही ऐकत होता. जाण्याआधी त्याला प्रार्थना हवी होती. मी म्हटलं, आंटी आल्या की फोन करतील.

"तोवर तो आत गेलेला असेल," बाई म्हणाल्या.

मला एकच प्रार्थना येत होती. नागपूरला शाळेत रोज असेंब्लीत म्हणायचो ती. मी डोळे मिटले आणि सुरू केली. ती दुसऱ्या कुठल्या चालीत मला येतच नाही, त्यामुळे शाळेच्याच चालीत, प्रत्येक ओळीचं शेपूट ओढत. शाळेत 'आमेन'नंतर कधी थांबायचो नाही. इथेही थांबले नाही.

"आमेन गुड मॉर्निंग टीचर गुड मॉर्निंग फ्रेंड्स."

पलीकडून एक घोगरा पुरुषी आवाज म्हणाला, "गुड मॉर्निंग." कॉटची चाकं वाजली. फोन बंद झाला.

आंटी बूट आपटत आल्या. मी सगळं सांगितलं.

"प्रेयर में गुड मॉर्निंग कौन बोलता है, मोळे?" मोळे म्हणजे त्यांच्याकडे मुलगी.

"स्कूल में बोलते थे."

"और सिस्टर लोग सुनते थे?"

"सिस्टर लोगों ने ही सिखाया."

आंटींनी कोट न काढताच डोळे मिटले आणि मल्याळममध्ये बराच वेळ प्रार्थना केली. "अब ठीक है," म्हणाल्या. म्हणजे आधी ठीक नव्हतं. त्या दिवशी प्रत्येक फोन मी पहिल्या रिंगला उचलला. हॉस्पिटलमधल्या बाईंचा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बाईंना कालची मुलगी हवी होती. नवरा शुद्धीवर आला होता. घशातली नळी निघाल्याबरोबर त्याने हॉस्पिटलचे मोजे नकोत, घरचे आणा, म्हणून भांडण काढलं होतं. आता त्याच्यासाठी आणखी एक प्रार्थना हवी होती, त्याला राग येऊ नये म्हणून.

आंटींनी हात पुढे केला. नियमाप्रमाणे फोन त्यांचाच होता.

"एक मिनट आंटी," मी म्हटलं, आणि घरचे मोजे लोकरीचे आहेत का ते बाईंना विचारलं.