बोट वर काढायची नाही

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, जगातल्या कुणाचाही सल्ला ऐकतात, फक्त मेव्हण्याचा सोडून. मेव्हणा म्हणजे मी. आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, हे आपलं आधीच सांगून ठेवतो.

दाजींची लाकडी मोटरबोट त्यांच्या संसाराइतकीच जुनी. रोज गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, औषधांची खोकी भरायची आणि एकट्यानं समोरच्या बेटावर पोचवायची, एवढंच त्यांनी जन्मभर केलं. दुसरं काही त्यांना येत नाही, आणि यायला हवं असं त्यांना कधी वाटलंही नाही. त्या बोटीचं इंजिन यंदा तापायला लागलं. अर्ध्या वाटेवर तापमानाचा काटा लालमध्ये गेला की दाजी इंजिन बंद करून बसून राहायचे, आणि इकडे ताई माझा जीव खायची. मग मी हातातलं काम टाकायचं, माझी लाँच काढायची आणि यांना ओढून आणायचं. नाकी नऊ आले माझ्या.

दुखणं काय ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. असलं इंजिन बोटीच्या बुडाला असलेल्या जाळीतून समुद्राचं पाणी ओढतं, गार होतं, आणि ते पाणी मागच्या नळीतून बाहेर टाकतं. दाजींच्या नळीतून धार पडत होती करंगळीएवढी. म्हणजे खाली जाळी तुंबलीय. बोट माझ्या दुकानाजवळच्या उतारावर पाण्याबाहेर काढा, जाळी साफ करा, संपलं. वर ओढायचं यंत्रही माझंच. दाजी म्हणाले, बोट वर काढायची नाही.

मग सुरू झालं आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. धक्क्यावरचा चहावाला म्हणाला पट्टा ढिला आहे, पट्टा बदलला. बर्फवाला म्हणाला तेल हलकं आहे, तेल बदललं. कुणीतरी थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणाऱ्या झडपेचं, नाव काढलं, तर यांनी तो खोलून घरी नेला आणि गरम पाण्यात उघडतो का ते बघायला ताईच्या दुधाच्या पातेल्यात उकळला. उघडला की व्यवस्थित! ताईनं ते पातेलं माझ्या दुकानात आणून आदळलं, जणू मीच उकळला. पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी पाती मी स्वतः तपासली, तीही धड होती. दर वेळी सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस यायचा, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पाणबुड्या बोलावून पाण्यातच जाळी साफ करून घेतो म्हटलं, तर दाजींनी माझ्याशी अबोलाच धरला.

परवा हद्द झाली. वारा सुटला होता, इंजिन बंद पडलं आणि बोट खडकांकडे वाहत चालली. ताई धक्क्यावर नुसती उभी होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती, तेच मला बघवेना. मी दोर टाकला, बोट ओढली, आणि धक्क्याला न लावता सरळ उतारावर नेऊन वर काढली. दाजी मान खाली घालून बोटीतून उतरले. मला वाटलं, खजील झाले असतील.

जाळी शिंपल्यांनी गच्च भरली होती. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडताना माझं तोंड सुरूच होतं. एवढंसं काम, आणि सगळ्यांना वेठीस धरलंत, बायकोच्या जिवाला घोर लावलात, वगैरे वगैरे. बोलता बोलता शेजारच्या फळीवर हात टेकला, तर अंगठा आत गेला. चहात बुडवलेल्या पावासारखी फळी. पुढची तशीच. तिच्यापुढे पत्र्याचं ठिगळ, बारीक खिळ्यांनी नीट ठोकलेलं, वरून रंग दिलेला. मागच्या वर्षी मी परगावी गेलो असताना यांनी घाईघाईनं बूड रंगवून घेतलं होतं, ते मला आत्ता आठवलं. मी बोटीत चढून टॉर्च मारली. आतले वासेही गेले होते. दुरुस्त करायची म्हणजे नवीनच बांधायची.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"इंजिनाचं दुखणं सांगण्यासारखं होतं," दाजी म्हणाले. "हे सांगितलं असतं, तर हिला परत पाण्यात जाऊ दिलं असतंस तू?"

नसतंच दिलं. आताही देणार नाही. ताईचा नवरा आणि समुद्र यांच्यामध्ये इतके दिवस एक पत्र्याचं ठिगळ होतं, आणि मी शहाणा इंजिनाची नळी बघत बसलो होतो. अस्सा संताप आला मला, की चार शब्द सुनावावेत. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझेच डोळे भरून आले.

मग दाजी म्हणाले, इंजिन चालू करून तर बघ. आता कशाला, हे अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. तरी पिंपभर पाणी आणलं, जाळीला पाईप जोडला आणि चालू केलं. मागून मनगटाएवढी धार पडली. काटा मधोमध येऊन थांबला तो हलेना. दाजींनी इंजिनावर तळहात ठेवला. यंदा तिथे हातच लावता येत नव्हता. पिंपातलं पाणी तळाला आलं, तशी मी त्यांना पुरे म्हणून खूण केली.

"तू बंद कर," ते म्हणाले. "माझ्याच्यानं नाही व्हायचं."

मी बंद केलं.