बापसाचा नवस, आईचे डोळे

आमच्याकडे नवस बोलायचा बाप्यांनी आणि फेडायचा बायांनी. ही रीत ज्या मेल्याने काढली तो मला एकदा भेटायला हवा होता.

इंग्रजांच्या आमदानीतली गोष्ट. मुरुडच्या अलीकडे आमचा कोळीवाडा. मी दहा वर्षांची असताना बापूस वादळात सापडला. शीड फाटलं, होडीत पाणी भरलं. त्याने गावदेवीला हात जोडले आणि म्हणाला, "आये, होडी काठाला लाव, माझी बायको जन्मात मासळीला तोंड लावनार न्हाय." होडी लागली. घरी येऊन त्याने आईला हे सांगितलं आणि बांगड्याचं कालवण ओरपून जेवला. हो, ओरपून! मी समोरच बसले होते.

आईने त्याच दिवसापासून मासळी सोडली. कोळणीने मासळी सोडली तर उरतं काय? भात, मीठ आणि आमसुलाचं पाणी. दूधलोणी आमच्या दारात कुठलं! मासळी निवडायची, सुकवायची, बाजारात विकायची, आमची ताटं भरायची आणि आपण कोरडा भात गिळायचा.

तीन वर्षांत तिला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं. दिवसा सुईत दोरा ओवायची, पण सूर्य बुडाला की भिंत चाचपत चालायची. होडी रात्रीच्या भरतीला आली की बायांना टोपल्या घेऊन पाण्यात उतरावं लागे. तिथे ती दोनदा आपटली. काकू म्हणाली, "सोंगं करते. दिवसा दिसतं नि रातीलाच बरं दिसत न्हाय?" सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. आईही हसली, आणि मला तिचाच जास्त राग आला.

मी हट्टाने तिला अलिबागेला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हातारा होता, पण समजावून सांगणारा. म्हणाला, "पोरी, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक जांभळा रंग असतो. उजेडात तो विटतो, अंधारात परत चढतो. तू उन्हातून घरात शिरलीस की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू भांडी दिसायला लागतात ना? तेव्हा तो रंग चढत असतो. पण त्यासाठी पोटात एक सत्त्व जावं लागतं. हिच्या पोटात ते जातच नाही, म्हणून रात्री हिचे डोळे कोरे." मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत राहिला. "पण कोळ्याच्या घरात हा रोग कसा? मुशी माशाच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं तेल द्या. रोज चमचाभर. पंधरा दिवसांत फरक पडेल."

मी तिथेच रडले. मुशीच्या काळजाचं तेल! दर वर्षी पावसाआधी होडी ओढून वर काढली की आमच्या अंगणात हंडाभर काळजं शिजायची. त्यातून सुटलेलं तेल होडीच्या फळ्यांना फासायचं, लाकूड कुजू नये म्हणून. ढवळायला आईच बसायची. होडी प्याली तेवढं तेल आई प्याली असती तर तिला पाताळातलंही दिसलं असतं.

बापसाला सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. म्हणाला, "नवस मोडला नि होडी गेली तर? पाच मानसं हायत तिच्यावर."

"मग तू सोड मासळी," मी म्हणाले. त्याने माझ्या कानाखाली ओढली.

दोन दिवसांनी मात्र आपणहून देवीचा कौल घ्यायला गेला. आम्हीही गेलो. भगताने मूर्तीला फुलं लावली, नवस मोडू का म्हणून गाऱ्हाणं घातलं, आणि डावं फूल पडलं, म्हणजे देवीचा नकार. भगत म्हणाला, नवस मोडता यायचा नाही, पण घरातल्या दुसऱ्या बाईमाणसाने तो पुढे चालवला तर ही सुटेल. बाईमाणसानेच का, तर बाप्ये होडीवर राबतात, त्यांना कसं जमायचं! सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात आई पायरीवरून ओरडली, "खबरदार! माझी पोर आंधळी करून मना डोळं नको."

त्यानंतर घरात कोणी तो विषय काढला नाही. माझ्या हळदीच्या रात्री आईने माझं तोंड चाचपून हळद लावली, अर्धी माझ्या लुगड्यावर सांडली. मांडवात कंदील टांगले होते, पण तेवढ्या उजेडात तिला नवरी झालेली लेक दिसली नाही. बापूस ताडी पिऊन नाचत होता.

पुढे तो गेला तापाने, घरात, अंथरुणावर. होडी शाबूत होती. तेराव्याला मी भगताला गाठून विचारलं. तो सहज म्हणाला, "बोलनारा गेला, आता कसला नवस?" त्याच दिवशी मी तेलाची बाटली आणली आणि माहेरीच राहिले. तेलाला उग्र वास मारत होता, पण आईने नाक मुरडलं नाही. रोज चमचाभर गिळत राहिली.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. सांजावलं होतं. ती ओटीवर बसली होती आणि मी कंदील न घेताच बाहेर आले.

"तुजं कुकू वाकडं लागलंय गो," ती म्हणाली.

ती अंगणातली जाळी बघत होती, टोपल्या बघत होती, परत माझ्याकडे बघत होती. "येवढंच व्हतं?" ती म्हणाली. "चमचाभर तेल? ह्याच्यापायी माझी सात वर्सं गेली?"

नवरा गेला तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती हमसून हमसून रडायला लागली, आणि रडता रडता तिने त्याला अशा शिव्या घातल्या की शेजारच्या बायांनी दारं लावून घेतली. मी तिला थांबवलं नाही.