कोपरा फाटलेलं कार्ड

कोकिळा सिस्टरला एका जागी बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. चहा उकळायला ठेवायची आणि वार्डात निघून जायची. इकडे चहा आटून भांडं काळंठिक्कर. पुलगावपासून दोन कोसांवरचा तो दवाखाना. खाटा सहा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकी कारभार कोकिळेचा. चाळिशीची एकटी बाई, आवाज मात्र चार जणींचा.

तिथं बाया यायच्या त्या पडून यायच्या. कोणी विहिरीवर पडलेली, कोणी माळ्यावरून. "या भागातल्या बायांइतकं पडणं माकडालेही जमत नाई," कोकिळा म्हणायची. पण कारण ती कधी विचारत नसे. आधी कोमट पाणी घ्यायची आणि रक्तानं चिकटलेले केस, एकेक बट धरून, सोडवत बसायची. तेवढ्यापुरती काय ती बसायची. केस सुटता सुटता बाई आपणहून बोलायची.

अठ्ठ्याहत्तर साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, एका सोमवारी नलू आली. वीस वर्षांची पोर. उजव्या दंडावर भाजी चिरायच्या पावशीचा घाव. "पावशीवर पडली," नवरा बाबाराव म्हणाला. डॉक्टरांनी तेच लिहिलं, नऊ टाके घातले आणि पुढच्या सोमवारी काढा म्हणून सांगून गेले. केस सोडवताना नलू हळूच म्हणाली, "पडली नाई मी, बाई. पुढच्या खेपेले मान कापतो म्हणे."

त्या दिवसापासून कोकिळेचा जीव थाऱ्यावर राहिना. टाके निघाले की बाबाराव हिला नेणार. तो रोज दारातल्या बाकावर येऊन बसे. "सिस्टरबाई, आज निघतेत का टाके? वावरात कापूस फुटून राह्यला."

"मंग वेच ना. तुले काय हात नाईत?"

नलूचं माहेर केळझर. पण न्यायला कोणी आल्याशिवाय लेकीनं माहेरी पाय ठेवू नये, अशी रीत. "एकटी गेली तं बाबा दारातूनच वापस धाडतीन," नलू म्हणाली. कोकिळेनं तिच्या बापाला कार्ड टाकलं, सगळं खरं खरं लिहून. गुरुवारी उत्तर आलं: 'वेचणी चालू आहे. नलूस म्हणावे, सांभाळून घे. संक्रांतीला येतो.'

कोकिळेनं ते दोनदा वाचलं. वऱ्हांड्यात चार फेऱ्या घातल्या. मग नवं कार्ड घेऊन एवढंच लिहिलं, 'नलूसाठी ताबडतोब या.' आणि कार्डाचा एक कोपरा फाडला.

कोपरा फाटलेलं कार्ड मयताचं, हे तेव्हा अंगठाबहाद्दरालाही कळायचं. आत तिनं एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. तरी पेटीपासून ती दोनदा परत फिरली आणि तिसऱ्या खेपेला कार्ड टाकलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. तिनं सहाही खाटांच्या चादरी दोनदा बदलल्या, उकळलेल्या सुया परत उकळल्या.

रविवारी दुपारी एसटी थांबली आणि आक्रोश ऐकू आला. पुढं नलूची आई वच्छलाबाई, ऊर बडवत. मागं बाप पुंडलिकराव आणि भावकीतले चार गडी. "अव माय, माही नलू व!" करत आई दारात आली आणि तिथंच थिजली. नलू खाटेवर बसून डाव्या हातानं भाकर खात होती.

पुंडलिकराव कडाडला, "जित्या पोरीचं मरण कळवलं तुमी? शरम नाई वाटली?"

"वाटली, बावाजी. पण खरं लिहिलं तं तुमी संक्रांत दाखवली. उद्या टाके निघतीन, उद्याच तो नेईन. मंग खरंच कोपरा फाडा लागला असता."

"गावात काय सांगू आता? लोकं सुतक धरून बसले!"

"सांगा, सिस्टर येडी हाय."

भावकीतला एक जण फसकन हसला आणि त्यानं जीभ चावली. वच्छलाबाई तोवर लेकीची पाठ चाचपत होती. जुने वळ दिसले तसं तिचं रडणं थांबलं.

"इले घेऊन चालतो आपून," ती म्हणाली.

"अव, जावयाले न विचारता?"

"मेलेलीले पाहाले कापूस सोडून आले ना? मंग जितीले नेता येत नाई?"

बाबाराव बाकावरून उठला. सहा माणसं बघून त्याचा आवाज बसला. "टाके तं निघू द्या..."

"ते केळझरले निघतीन," सासू म्हणाली.

नलूचं लुगडं रक्तानं कडक झालेलं. आईच्या गाठोड्यात एक कोरं हिरवं लुगडं होतं, माहेरचं, मयताच्या अंगावर घालायला आणलेलं. आई ते पदराआड लपवू लागली.

"दे ना मले," नलू म्हणाली.

"नोको व माय, हे तं..."

"नवं हाय ना? मंग दे."

ती तेच नेसली आणि सगळ्यांच्या पुढं चालत एसटीत जाऊन बसली. गाडी हलली तरी कोकिळा खिडकीबरोबर धावतच होती. "उद्या टाके काढजो! पाणी लागू देऊ नोको!"

खिडकीतून नलूनं हात उचलला.

"अव, तो हात नोको हालवू!" कोकिळा ओरडली.