घरगाडीची डबल बेल

अल्लीपूरच्या बबनरावांना कोणी विचारलं, "काका, येवढ्या वर्षांत एकबी अपघात कसा नाई झाला जी तुमच्या हातून?" की ते मान ताठ करून सांगत, "मी मांगं पाहत नाई, म्हणून."

एसटीच्या ड्रायव्हरचं काम समोर. मागचं सगळं जग कंडक्टरचं. कोण चढलं, कोण उतरलं, कोणाचं पोट्टं दारात लोंबकळतंय, कोणाची कोंबडी पिशवीतून निसटली, हे ड्रायव्हरनं पाहायचंच नाही. एक घंटी वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. डबल बेलवर शंका घेणारा ड्रायव्हर आणि देवावर शंका घेणारा पुजारी, दोघांनीही दुसरा धंदा पाहावा, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

रिटायर झाल्यावर मात्र या माणसाची रयाच गेली. पहाटे उठायचं, खुंटीवरच्या खाकी शर्टाकडे बघायचं आणि मग दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याचा गिअर कुठे चुकला ते आनंदाबाईंना ऐकवायचं. किती दिवस ऐकणार ती माउली? शेवटी ती मुलाला म्हणाली, "अंकुश, तुह्या बापाले एक गाडी आणून दे बाप्पा, नाई तं मले तरी कुठी पाठवून दे."

अंकुशचं हिंगणघाटला वेल्डिंगचं दुकान. कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेली मिनीबस त्यानं आणली, आतल्या सीटा उपटल्या, एक दिवाण ठोकला, शेगडीसाठी ओटा केला, टपावर पाण्याची टाकी बसवली. तो तिला कॅराव्हॅन म्हणायचा. गाव घरगाडी म्हणू लागलं, आणि तेच नाव चिकटलं. बबनरावांनी तिच्यात स्वतःची अशी एकच भर घातली. वर्ध्याच्या भंगार बाजारातून एसटीची जुनी घंटी शोधून आणली आणि ड्रायव्हरच्या डोक्यापासून मागच्या खिडकीपर्यंत दोरी ओढून घेतली.

"आपण दोन माणसं," आनंदाबाई म्हणाल्या. "अन् घंटी कोणासाठी जी?"

"तू कंडक्टर."

आनंदाबाई हसल्या. खोटं कशाला बोला, थोड्या लाजल्याही. कारण उभ्या नोकरीत त्या नवऱ्याच्या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. घरचं माणूस गाडीत असलं की ध्यान विचलतं, असा बबनरावांचा नियम. चिखलदऱ्याची गाडी त्यांनी किती उन्हाळे चालवली! दरवर्षी घरी येऊन तिथल्या थंड हवेचं वर्णन करायचे आणि वर म्हणायचे, "पुढच्या साली तुले नेतो." ते पुढचं साल काही आलं नाही.

आता गाडी घरची झाली, पण ड्रायव्हर एसटीचाच राहिला ना! पहिल्याच फेरीत, गिरडला जाताना, एका थांब्यावर दोन म्हाताऱ्यांनी हात केला आणि घरगाडी झोकात त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्या चढल्या. समोर बघतात तर दिवाण, उशा, शेगडीवर वरण! आनंदाबाईंनी त्यांना चहा पाजला, म्हणून बरं. उतरताना एकीनं पाया पडून विचारलं, "हे नवीन सरकारी योजना हाय का व?" दुसऱ्या फेरीत बबनराव एका बस स्टँडात सरळ आत शिरले आणि रिव्हर्स घेऊन गाडी फलाटाला लावली. माइकवरून जो उद्धार झाला, तो सगळ्या स्टँडानं ऐकला. तिसऱ्या फेरीत चढावर कुकर घरंगळला आणि गादीला फोडणी बसली.

तेव्हा आनंदाबाईंनी निक्षून सांगितलं, "आता चिखलदरा. पण या वक्ती एकबी घोटाळा झाला ना, तं मी पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाई. अंगणात उभी करीन अन् कोंबड्या कोंडीन तिच्यात."

बबनराव वरून हसले, पण आतून चरकले. ही बाई बोलते ते करते, हे त्यांना ठाऊक होतं. आणि गाडी गेली की आपला पुन्हा तो ओटा, हेही.

डिसेंबरचे दिवस. वाटेत सावंगीला मुलीकडे, वर्षालीकडे, मुक्काम झाला. सकाळी निघताना आनंदाबाईंनी आपली चॉकलेटी साडी धुतली आणि वाळत घातली कुठे, तर घंटीच्या दोरीवर. पदराचं टोक दारातून बाहेर वाऱ्यावर फडफडतंय. आर्वीच्या अलीकडे बबनरावांना ते आरशात दिसलं आणि त्यांचा भडकाच उडाला.

"अवं, ते दोरी एसटीची हाय, धोब्याची नाई!"

"मंग एसटीले वापस नेऊन द्या. साडी काय माह्या डोक्यावर वाळवू?"

"डबल बेलचा काई मान हाय का नाई?"

"साडीचा नाई का मान?"

झालं. त्यानंतर आनंदाबाईंनी तोंडाला कुलूप लावलं. आर्वी गेली, संत्र्यांचे बगीचे लागले, तरी आतून शब्द नाही.

तळेगावात आष्टीच्या रस्त्याला जयवंता नावाच्या बाईची चहाची टपरी आहे. तिथे गाडी थांबली. बबनराव जागचे हलले नाहीत. लहान थांब्यावर ड्रायव्हर सीट सोडत नाही, हा आणखी एक नियम. चहा मात्र त्यांना घरच्याच स्टीलच्या पेल्यात लागतो. आनंदाबाईंनी मुकाट्यानं पेला उचलला आणि उतरल्या. रुसवा रुसव्याच्या जागी, चहा चहाच्या जागी.

आणि इकडे दोन घंट्या खणखणल्या. टण, टण.

आता ही घंटी कोणी वाजवली? ऐका. जयवंताची गुलाब नावाची एक शेळी आहे. अशी आगाऊ शेळी साऱ्या तळेगावात दुसरी नसेल. तिला दारातून लोंबणारा पदर दिसला. तिनं तो तोंडात धरून एक हिसका दिला, मग दुसरा. दुसऱ्या हिसक्याला पदराचं टोक फाटून तिच्या तोंडात गेलं. दोरी आपलं काम करून मोकळी झाली.

बबनरावांना वाटलं, बाई चहा न घेताच परत चढली. 'बरं! रुसवा चहापर्यंत आला म्हणायचा,' असं मनाशी म्हणून त्यांनी गिअर टाकला. आरशात पाहायचा प्रश्नच नव्हता. डबल बेल म्हणजे डबल बेल.

बिचाऱ्यांनी मग रस्ताभर बायकोची समजूत काढली. "रागावली का व? मले तसं बोलाले नोको होतं. पण तूच सांग, कंडक्टरनं दोरीवर कपडे वाळवले तं प्याशिंजरनं काय समजावं?" उत्तर नाही. खिशातला फोन वाजू लागला. स्टिअरिंगवर फोन घेणं म्हणजे महापाप, म्हणून ते म्हणाले, "वर्षालीचाच असन. तुह्या फोनवरून लाव ना तिले." फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. "लय रागावली दिसते," बबनराव पुटपुटले. मग सूर नरम करून म्हणाले, "चिखलदऱ्याले गेल्यावर तुले गरम भजे खाऊ घालतो. मी सोता आणून देईन."

आष्टीच्या अलीकडे एक दांडगा स्पीड ब्रेकर आहे. तो बबनरावांच्या नजरेतून सुटला आणि गाडी धाडकन उडाली. भांडी कोसळली, पिंप गडगडलं. त्यांनी सवयीनं खांदे आक्रसून घेतले, कारण ब्रेकरवर आनंदाबाई ओरडल्या नाहीत असं कधी झालंच नव्हतं. केवढाही राग असो, "हळू ना जी! जीव घेता का?" हे ठरलेलं.

मागून काही आलं नाही.

बबनरावांनी ब्रेक दाबला. गाडी कडेला घेऊन ते उतरले आणि वळसा घालून मागच्या दारानं आत चढले. दोरीवर साडी, पदराचा कोपरा फाटलेला. उशीजवळ आनंदाबाईंचा फोन चार्जिंगला लावलेला. दिवाण रिकामा.

"आनंदा!" ते ओरडले. बायकोला असं नुसत्या नावानं त्यांनी कधी हाक मारली नव्हती. साऱ्या नोकरीत एक प्रवासी मागे राहू दिला नाही, आणि ही बाई राहिली! जिला चिखलदरा दाखवायला निघालो, तीच!

गाडी फिरवून ते तळेगावकडे सुटले. वाटेत समोरून एसटी आली. तिनं दिवे मिचकावले, पुन्हा पुन्हा मिचकावले, हॉर्नही दिला. ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला धनंजय होता. तशा घाईतही बबनरावांनी खिडकीतून हात उंच करून त्याला रामराम केला. रीत ती रीत. आणि पुढे निघून गेले.

टपरीवर जयवंता कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"कसे नवरे हो तुम्ही! बाई पेला घेऊन गाडीमांगं पळत होती. माह्या फोनवरून तुमाले फोन लावले, उचलत काऊन नाई?"

"कुठी हाय ते?"

"एसटीत बसून तुमच्याच मांगं गेली ना! आता गेलती. दिसली नाई का एसटी?"

बबनराव तिथल्या बाकावर मटकन बसले. दिसली होती. त्यांनी तिला हात करून रामराम केला होता. शेजारी गुलाब शेळी चॉकलेटी रंगाचं काहीतरी शांतपणे चघळत होती. तिच्याकडे पाहून त्यांना सगळा उलगडा झाला, पण शेळीला काय बोलणार?

त्याच रस्त्यानं ते पुन्हा निघाले. या वेळी फोन मांडीवर होता आणि प्रत्येक थांबा, प्रत्येक झाड ते निरखत होते. एका फाट्यावर पत्र्याची निवारा शेड होती आणि तिच्यात आनंदाबाई एकट्या बसल्या होत्या. हातात स्टीलचा पेला, वर पदर झाकलेला. धनंजयनं उलटी जाणारी घरगाडी बघताच त्यांना तिथे उतरवलं होतं, ती याच वाटेनं परत येणार म्हणून.

बबनरावांनी गाडी अशी लावली की मागचं दार बरोबर शेडसमोर आलं. उतरून ते त्यांच्यापुढे उभे राहिले. आनंदाबाई उठल्या नाहीत.

"घंटी वाजली," बबनराव म्हणाले. "डबल. शेळीनं वाजवली."

"पाह्यलं मी."

"मले वाटलं, तूच."

"मी एसटीतून हात केला. तुमी धनंजयले रामराम करून राह्यले होते."

आनंदाबाईंचे डोळे भरून आले. मग त्या एकदम बोलायला लागल्या.

"मले भेव वाटलं जी. मी हरवली म्हणून नाई. मी का लहान हाव? एसटी येते, घर ठाऊक हाय. पण तुमी एकडाव बी मांगं पाह्यलं नाई, याचं भेव वाटलं. तुमी पहाटे ड्युटीवर निघत होते ना, तवा मी अंगणात उभी राहो. तुमी मारुतीच्या देवळापासून वळेपर्यंत उभी राहो. थंडी असो, पाणी असो. रोज वाटे, आज तं पाहतीन. नाई पाह्यलं. एक दिवस नाई."

बबनरावांना हे माहीतच नव्हतं. आपण निघालो की दार लागत असेल, घर झोपत असेल, असंच ते आजवर धरून चालले होते. त्यांचा चेहरा पडला.

"डायवरनं मांगं पाहू नाई," ते कसंबसं म्हणाले. "मांगचं कंडक्टर पाह्यते."

"मी तुमची बायको हाय."

ते बाकावर त्यांच्या शेजारी बसले. पेला त्यांच्या हातातून घेतला. चहा थंडगार झाला होता, वर साय धरली होती. तो त्यांनी सायीसकट पिऊन टाकला.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. "आजचं नाई फक्त. सगळंच."

आनंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. संत्र्यांनी भरलेला एक ट्रक गेला.

"कोंबड्या आणाव लागन मंग," बबनराव खाली मान घालून म्हणाले. "गाडीत कोंडाले."

"आणू," आनंदाबाई म्हणाल्या आणि उठल्या. "अदुगर चिखलदरा पाहून येऊ. कोंबड्याइले काई घाई नाई."

त्या मागच्या दारानं चढल्या. फाटलेली साडी त्यांनी काढली, झटकली आणि पुन्हा त्याच दोरीवर नीट पसरून टाकली. पदर मात्र आत घेतला. बबनराव आपल्या दारानं सीटवर जाऊन बसले, इंजिन सुरू केलं आणि थांबले.

टण, टण.

त्यांनी गिअर टाकला. मग पाय पुन्हा क्लचवर दाबला. मान दुखत होती, वळायची तिला सवयच नव्हती. तरी एका हातानं सीटची पाठ धरून ते अख्खे मागे वळले आणि त्यांनी पाहिलं. आनंदाबाई दिवाणावर बसल्या होत्या, एक हात दोरीवर, आणि त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"हाय मी," त्या म्हणाल्या. "चाला आता."