इंजिन आणायला गेलेली बाई

"थांब. बाईचं राहिलं." काकू असं म्हणाल्या की बोलणाऱ्यानं गप्प बसायचं, हा आमच्या इमारतीतला अलिखित नियम होता.

मी तो पहिल्यांदा शिकलो तेव्हा माझे आईबाबा पुण्याहून आले होते. स्टुटगार्टच्या गाड्यांच्या म्युझियममध्ये मी त्यांना मोटारीचा जन्म अशा थाटात सांगत होतो, की जणू बाळंतपण मीच केलं होतं. काकू झिंडेलफिंगेनला आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. आई म्हणाली म्हणून त्याही सोबत आल्या होत्या. त्यांनी मला हातानं बाजूला सारलं.

"पॅरिसला लाकूड कापायची यंत्रं बनवणारी एक कंपनी होती," त्या आईला सांगू लागल्या. "जर्मन इंजिन फ्रान्समध्ये बनवायचा हक्क एका गृहस्थानं मिळवला आणि काम या कंपनीला द्यायचं ठरवलं. पण इंजिन हातात यायच्या आत तो गेला. मग त्याची बायको एकटी उठून इथे कानश्टाटला आली. आपल्या घरापासून एस-बानच्या लोकलनं पाऊण तास! नवरा गेलेला, देश परका. इंजिनवाल्याला म्हणाली, शब्द मोडू नका, काम मी पुढे नेते. आणि नेलं. त्यातून त्या कंपनीच्या गाड्या निघाल्या. इंजिन पुढे, त्याच्यामागे गिअर, ताकद मागच्या चाकांना. सगळ्या जगानं नंतर तेच उचललं."

"तुला हे ठाऊक नव्हतं?" बाबांनी मला विचारलं. मी कॉफी कुठे मिळते ते बघायला गेलो.

काकूंचे यजमान माझ्याच कंपनीतले जुने इंजिनिअर. दिवसभर जर्मन गाड्यांचं काम करायचं आणि संध्याकाळी चहाबरोबर बायकोला या फ्रेंच कंपनीचा इतिहास ऐकवायचा, असा त्यांचा संसार होता. ते गेले. मुलगा पुण्यात. काकूंजवळ गोष्ट तेवढी राहिली.

माझं काम म्हणाल तर मागच्या दाराचं रबर. दार लावल्यावर भारदस्त आवाज यावा म्हणून मी वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर गणितं करतो. काकू माझी ओळख "हा दारं आपटतो, पगार चांगला आहे" अशी करून द्यायच्या. यात चुकीचं काहीच नव्हतं, म्हणून जास्त लागायचं.

रविवारी काकूंच्या मुलाचा मला फोन यायचा. "आई तिथे एकटी. पडलीबिडली तर? तू समजाव, तुझं ऐकते ती." ती माझं ऐकते ही बातमी मला नवीन होती. तरी मी हुरळून गेलो आणि चक्क स्लाइड्स केल्या. पुण्याला परत जाण्याचे फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला. तुम्हाला हसू येईल, पण आम्हा लोकांना कुणाला जेवायला बोलवायचं तरी स्लाइड लागते.

काकूंनी चष्मा लावून सगळं पाहिलं. मला गरम थालीपीठ वाढलं. "रंग छान निवडलेस," म्हणाल्या. तोटे फार कमी लिहिलेत, असंही म्हणाल्या. दुसऱ्या थालीपिठानंतर मी पुण्याचा विषय काढलाच नाही.

त्या दिवशी टेबलाशी हॅम्बर्गकरही होते. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे जर्मन आजोबा. हॅम्बर्गच्या बंदरात बोटींची इंजिनं सांभाळण्यात जन्म गेला, बायको वारल्यावर मुलीजवळ राहायला इकडे आलेले. काकूंची फ्रेंच गोष्ट ते मान हलवत पुन्हा पुन्हा ऐकायचे. "या, या. गेनाऊ," म्हणजे हो हो, अगदी बरोबर. मला वाटायचं, थालीपिठासाठी येतात. जिना झाडायची काकूंची पाळी असली की जिना आधीच झाडलेला असायचा, ते मला जर्मन शिस्तीचं लक्षण वाटायचं. दाराच्या आवाजातली बारीकशी कुरकुर ओळखणारा कान माझा!

शेवटी मुलानं तिकीटच काढायचं म्हटलं. मी तो निरोप घेऊन खाली काकूंकडे गेलो. हॅम्बर्गकर ओट्याशी बटाटे सोलत होते.

"मग, काकू, काय ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं. हॅम्बर्गला जातेय."

"फिरायला?"

"राहायला. आम्ही लग्न करतोय." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "अरे, पुढची गोष्ट तुला कधी सांगितलीच नाही मी. त्या बाईनं नंतर पॅरिसच्या त्या कंपनीतल्या इंजिनिअरशी लग्न केलं. गाडी बनवणाऱ्याशी."

मी काय करावं? अभिनंदन करावं, पाया पडावं. मी खिशातून फोन काढून शोधत बसलो आणि वाचूनही दाखवलं, "काकू, पण तो शर्यतीत गाडी उलटून जखमी झाला. वर्षाच्या आत गेला."

बटाटे सोलणाऱ्या माणसाला मराठी कळत नव्हतं, एवढीच देवाची कृपा.

"ठाऊक आहे मला," काकू शांतपणे म्हणाल्या. "पण लग्नानंतर सात वर्षं मिळाली की तिला. सात वर्षं कमी असतात होय रे?"

मी बटाटे सोलू लागलो, आणि तेही जाड सोलले.

मुलाला सांगायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं. आईला पुण्याला धाडायचं माझ्यावर सोपवलेलं, आणि मी तिला भलत्याच दिशेला धाडून बसलो होतो. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. नंतर कितीतरी रविवार त्याचा फोन आला नाही, मला नाही आणि आईलाही नाही. काकू त्याबद्दल बोलायच्या नाहीत. लग्नाच्या नोंदणी कार्यालयातही हातातला फोन सारखा उलटा-सुलटा करत होत्या.

निघायच्या दिवशी टेम्पोत शेवटची खोकी चढत होती. काकू रिकाम्या घरातून एक चक्कर मारायला गेल्या होत्या, आणि माझा फोन वाजला. पुण्याहून. काकूंचा मुलगा.

"हॅम्बर्गला पाऊस फार असतो म्हणे," तो म्हणाला. "आईचा उजवा गुडघा पावसात दुखतो. त्यांना सांगशील?"

मी टेम्पोजवळ जाऊन हॅम्बर्गकरांना ते जर्मनमध्ये सांगितलं. ते काकूंची खुर्ची दोरीनं बांधत होते. गाठ पक्की करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "डावाही दुखतो."